एक ‘केवळ’ आणि दोन वाक्यं : वकील संघाच्या अंकातल्या एका लेखाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या जिल्ह्याच्या वकील संघाचं एक त्रैमासिक निघतं. बारा पानं, ए-फोर आकार, मध्ये दोन पिना. सहाशे प्रती छापतो. साडेचारशेच्या आसपास बाररूममध्ये आणि तालुक्यांच्या कोर्टांत वाटल्या जातात, उरलेल्या ग्रंथालयाच्या कपाटावर गठ्ठा होऊन पडतात. मानधन कोणालाच नाही. संपादक म्हणून नाव माझं छापलं जातं. लेख गोळा करणं, कापणं, डीटीपीवाल्याच्या मागे लागणं आणि अंक उशिरा निघाला की बोलणी खाणं ही कामं त्या नावाबरोबर येतात. खाली माणसांची आणि गावांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. चूक आहे तशी ठेवली आहे, कारण ती माझी होती.

या अंकाच्या वाचकाबद्दल थोडं सांगायला हवं. तालुक्याच्या कोर्टात बसणारा वकील असा लेख वाचून बाजूला ठेवत नाही. त्याची झेरॉक्स काढतो, फाइलला टाचतो आणि दुसऱ्या दिवशी युक्तिवादाला उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतात, इंडियन कानून हे संकेतस्थळ तर त्याच्या पुष्कळ आधीपासून आहे. पण सव्वाशेहून जास्त परिच्छेदांचा इंग्रजी निकाल रात्री दहाला वाचायला बसणं आणि त्याच निकालावरचं दीड पान मराठीत वाचणं, यात दिवसभर दमलेला माणूस काय निवडणार हे उघड आहे.

विषय

लेख होता वडिलोपार्जित जमिनीत मुलीच्या हक्काबद्दल. आमच्याकडच्या दिवाणी कोर्टांत वाटपाच्या दाव्यांची कमी नाही आणि दर दुसऱ्या दाव्यात वादी बहीण, प्रतिवादी भाऊ.

महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम २९-अ घालून मुलीला सहदायाद, म्हणजे मुलासारखी जन्मापासूनची वाटेकरी, केलं होतं. पण एक अट होती: २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलीला तो हक्क नाही. ही तारीख जुन्या वकिलांच्या डोक्यात इतकी पक्की आहे की अजूनही अशील समोर बसली की पहिला प्रश्न ‘लग्न कधी झालं?’ हाच येतो. मग २००५ ची केंद्रीय दुरुस्ती आली, ९ सप्टेंबरपासून लागू झाली आणि सहदायादांच्या हक्काचं जे कलम ६, त्याच्यापुरता लग्नाच्या तारखेचा प्रश्न मिटला. त्यानंतर दुसरा घोळ सुरू झाला. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का? प्रकाश विरुद्ध फुलवती या २०१५ च्या निकालाने हो म्हटलं. २०१८ च्या दानम्मा निकालात २००१ साली वारलेल्या वडिलांच्या मुलींनाही हिस्सा मिळाला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही.

खरी मारामारी त्यापुढे आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना कायद्याने हात लावलेला नाही. पण वाटणी म्हणजे काय, हे कलम ६(५) च्या स्पष्टीकरणात बांधून दिलं आहे: नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा. आता गावाकडे किती कुटुंबांनी वाटणीचा दस्त नोंदवला असेल? बाप अंथरुणाला खिळला की चार शहाण्या माणसांना बोलवायचं, बांध ठरवायचे, तलाठ्याकडे वर्दी द्यायची. फेरफार मंजूर होतो, सातबारे वेगळे निघतात, सोसायटीचं कर्जही वेगळं होतं. दस्त मात्र नाही. म्हणून भावाच्या वकिलाचा पहिला बचाव असतो: तोंडी वाटणी आधीच झालेली आहे.

याचं उत्तर विनीता शर्मा निकालाच्या शेवटच्या निष्कर्षांत आहे. मूळ प्रतीत परिच्छेद १२९, त्यातला पाचवा निष्कर्ष. आमचं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं.

लेख आला तेव्हा

लेख लिहिणारी आमच्याकडची एक ज्युनिअर. सनद मिळून तीन वर्षं झालेली, वाचणारी, थोडी हट्टी. तिने छपाईच्या आठ दिवस आधी लेख पाठवला. मी सांगितले होते बाराशे शब्द, आले तेहतीसशे.

पहिल्या वाचनात तीन गोष्टी खटकल्या. एक, मधल्या दीड पानात तिच्या स्वतःच्या चालू दाव्याची हकिगत होती. नावं बदललेली, पण चार बहिणी, एक भाऊ, धरणाच्या उजव्या कालव्यालगतची बागायत आणि गट नंबरसुद्धा. आमच्या जिल्ह्यात एवढ्यावर चहाच्या टपरीवरचा पोरगाही घर ओळखेल. ‘अशिलाची परवानगी घेतली आहे सर,’ ती म्हणाली. लेखी? नाही. आणि भावाच्या वकिलाला आपला पुढचा मुद्दा तीन महिने आधी छापून कशाला द्यायचा? अशिलाने वकिलाला सांगितलेलं बाहेर जाऊ न देण्याचं बंधन पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. परवानगी असली तरी ती दाखवता आली पाहिजे. आम्ही ती हकिगत काढली आणि त्या जागी तीन ओळींचं सरळ काल्पनिक उदाहरण घातलं. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

दोन, निकालाचा सारांश म्हणून दिलेली जवळजवळ सगळी वाक्यं एका निकालसंग्रहाच्या हेडनोटचं, म्हणजे प्रकाशकाने निकालाच्या माथ्यावर दिलेल्या सारांशाचं, भाषांतर होती. निकालाचा मजकूर कोणीही छापू शकतो, पण प्रकाशकाने घडवलेली हेडनोट त्याची असते. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक करून दिलेला आहे. माझा आक्षेप मात्र कॉपीराइटपेक्षा साधा होता: हेडनोट म्हणजे निकाल नव्हे. ‘मूळ वाच आणि तुझ्या शब्दांत लिही,’ एवढंच सांगितलं. तिने दोन रात्रीत ते केलं आणि फार चांगलं केलं. हे पुढे लक्षात ठेवावं लागेल.

तीन, शेवटी नावाखाली ‘वारसाहक्क तज्ज्ञ’ आणि मोबाइल नंबर. बार कौन्सिलच्या नियम ३६ मुळे वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि पाटीवरसुद्धा अमुक कामात विशेष असं लिहिता येत नाही. ‘सर, सगळे लिहितात,’ असं ती म्हणाली आणि ते खरंही आहे. नंबर काढला, तज्ज्ञही काढलं.

अडचण

लेख अठराशे शब्दांवर आला. तिने सुचवलं, दोन भागांत छापू. मी नको म्हटलं. तीन महिन्यांनी दुसरा भाग येईपर्यंत पहिला कोणाच्या लक्षात राहतो? पान सहा-सात समोरासमोर देऊन लेख बसवला, दोघांनी वाचला, मंजूर केला.

छपाईच्या आदल्या रात्री संघाच्या अध्यक्षांचा फोन आला. नव्याने रुजू झालेल्या न्यायाधीशांच्या स्वागताचा फोटो याच अंकात हवा. पिनांच्या अंकाची पानं चारच्या पटीत वाढतात. एका फोटोसाठी बाराची सोळा करणं म्हणजे चार पानांचा कागद, छपाई आणि भरायला मजकूर कुठे आहे? फोटो पान सहाच्या माथ्यावर बसवायचा ठरला आणि लेखाच्या अकरा ओळी जास्त झाल्या.

रात्री साडेदहाला मी डीटीपीवाल्याच्या खुर्चीमागे उभा होतो. टाइप अर्ध्या पॉइंटने लहान करून पाहिला, तर ज्येष्ठांची तक्रार ठरलेली. पान नऊवर क्रिकेट सामन्यांचा वृत्तांत होता, त्यातून अकरा ओळी सहज निघाल्या असत्या. पण लेख दुसऱ्या पानांवर, सगळं सरकवावं लागणार, आणि दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं. ‘वकीलसाहेब, इथूनच काढा ना,’ तो म्हणाला. काढलं. आठ ओळी उदाहरणातून आणि प्रस्तावनेतून गेल्या. उरलेल्या तीन मी पाचव्या निष्कर्षाच्या परिच्छेदातून काढल्या.

तिने लिहिलं होतं: ‘केवळ तोंडी पुराव्यावर उभा असलेला वाटणीचा बचाव स्वीकारता येत नाही. मात्र अपवादात्मक प्रकरणांत तोंडी वाटणीला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि ती जणू हुकूमनाम्यानेच झाली असावी अशा रीतीने पूर्णत्वाला गेलेली दिसत असेल, तर ती मान्य होऊ शकते. हे सिद्ध करण्याचा भार वाटणी सांगणाऱ्यावर आहे आणि तो जड आहे.’

छापून आलं: ‘तोंडी वाटणीचा बचाव स्वीकारता येत नाही.’

दोन वाक्यं गेली. ‘केवळ तोंडी पुराव्यावर उभा असलेला’ हा तुकडाही गेला, कारण ‘नाही’ हा एकच शब्द पुढच्या ओळीवर लोंबत होता आणि ती ओळ वाचवायची होती. वाक्य आटोपशीर झालं असं मला त्या वेळी वाटल्याचंही आठवतं.

प्रूफाची पीडीएफ अकराच्या सुमाराला तिला व्हॉट्सअॅपवर पाठवली. सोबत लिहिलं, ‘जागेसाठी किरकोळ कापलंय, सकाळी नऊपर्यंत कळव.’ साडेआठला ‘ओके सर’ आलं. नंतर कळलं की ती एसटीत होती आणि मोबाइलच्या पडद्यावर तिने फक्त अक्षरं तपासली. त्यालाही कारण होतं. तिचा युनिकोडमधला मजकूर डीटीपीवाल्याच्या श्रीलिपी या फॉन्टमध्ये उतरवताना आधीच्या प्रूफात जोडाक्षरं फुटली होती, ‘हक्क’चं ‘हकक’ आणि ‘दस्त’चं ‘दसत’ झालं होतं. आम्ही दोघंही शेवटचे दोन दिवस पाय मोडलेली अक्षरंच शोधत होतो.

काय घडलं

अंक वाटल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका तालुक्याच्या ज्येष्ठ वकिलांचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. ‘तुमच्या अंकाने आज मला तोंडघशी पाडलं.’

त्यांच्याकडे दोन बहिणींचा वाटपाचा दावा होता. निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, युक्तिवाद सुरू होता. भावांनी वडिलांच्या हयातीतली तोंडी वाटणी सांगितली होती आणि फेरफार, वेगळे सातबारे, सोसायटीच्या कर्जनोंदी अशा नकला यादीसह दाखल केल्या होत्या. यांनी आमच्या लेखाची झेरॉक्स पुढे करून सांगितलं की सर्वोच्च न्यायालयाने हा बचावच बंद केला आहे. समोरच्या वकिलाने मूळ निकाल काढला आणि पाचवा निष्कर्ष शेवटपर्यंत वाचला. न्यायाधीशांनी विचारलं, ‘पूर्ण निकाल तुमच्याकडे आहे का?’ नव्हता. होती ती दोन पानांची झेरॉक्स.

वाईट गोष्ट अशी की त्यांच्याकडे त्या अपवादावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. निकालात आधीच्या चर्चेत न्यायालयाने म्हटलं आहे की वेगळा ताबा, वेगळं उत्पन्न, महसुली नोंद आणि त्या काळचे इतर सार्वजनिक दस्तऐवज असा सगळा संच असेल तरच, आणि तोही अत्यंत नाखुशीने, असा बचाव मान्य करावा. म्हणजे नुसता फेरफार दाखवून भागत नाही. बहिणींच्या वकिलाचं खरं शस्त्र हेच होतं. आम्ही त्यांच्या हाती दिलं ते पहिल्या फटक्यात मोडणारं.

आदेश पूर्ण विरोधात गेला नाही. जमीन त्रयस्थाला विकू नये एवढी मनाई मिळाली, बाकीची मागणी फेटाळली गेली. लेखामुळेच फेटाळली असं म्हणता येणार नाही आणि त्यांनीही तसं म्हटलं नाही. पण आपलं म्हणणं अर्धवट वाचनावर उभं होतं हे भरकोर्टात दिसलं आणि तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला ते जिव्हारी लागतं.

मी संगणकावर तिचा मूळ लेख उघडला. तोपर्यंत मला प्रामाणिकपणे वाटत होतं की चूक तिची असणार.

पर्याय

कार्यकारिणीच्या बैठकीत चार मतं निघाली. पहिलं, काहीच करू नये, लोक विसरतात. हे मत अध्यक्षांचं होतं. संघाची निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि ‘कबूल केलं की बोभाटा होतो’ असं त्यांचं म्हणणं. दुसरं, पुढच्या अंकात शुद्धिपत्र. ते करायलाच हवं होतं, पण पुढचा अंक सव्वादोन महिन्यांनी आणि तोवर आणखी किती निशाणी ५ निघतील? तिसरं, वकिलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश. तत्काळ पोचतो आणि तितक्याच तत्काळ वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. चौथं, दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रतींना चिकटवणं.

ज्युनिअरचं म्हणणं वेगळंच होतं. ‘कसंही करा सर, पण हे मी लिहिलं नव्हतं एवढं त्यात आलं पाहिजे. नाव माझं आहे.’ सगळ्यात रास्त मागणी हीच होती आणि बैठकीत तिच्यावर सगळ्यात कमी बोलणं झालं.

काय केलं

संदेश, चिठ्ठी आणि शुद्धिपत्र, तिन्ही. संदेशात मी माफीचा मजकूर आखूड ठेवला आणि पाचव्या निष्कर्षाचं पूर्ण भाषांतर, मूळ परिच्छेद क्रमांकासह दिलं. चिठ्ठी तीन बोटं रुंदीची पट्टी, पान सातवर त्या वाक्याशेजारी डकवायची. ग्रंथालयातल्या दीडशे प्रतींना आमच्या शिपायाने डिंक लावून एका दुपारी चिकटवल्या. तालुक्यांचे गठ्ठे कारकुनांबरोबर पाठवले.

शुद्धिपत्राच्या शब्दांवर मात्र दोन दिवस गेले. माझा पहिला मसुदा होता: ‘अनवधानाने काही मजकूर वगळला गेला.’ तिने तो परत पाठवला आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलं, ‘कोणी?’ रोज साक्षीदारांना हाच प्रश्न विचारणाऱ्या माणसाला त्याचा राग यायला नको होता, पण आला. शेवटी छापलं: ‘संपादकाने जागेअभावी वगळला. लेखिकेच्या मूळ लेखात हा मजकूर होता.’ पहिल्या पानावर, चौकटीत. अध्यक्षांना चौकट नको होती.

परिणाम

संदेशानंतर दोन फोन आले. एकांनी नुसतं बरं झालं म्हटलं. दुसऱ्यांनी ते वाक्य लेखी युक्तिवादात जसंच्या तसं उतरवून दाखलही केलं होतं. निकाल राखून ठेवलेला होता. त्यांनी पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन दुरुस्ती केली आणि पूर्ण परिच्छेद जोडला. संदेशाने एवढं एक काम नक्की केलं. चिठ्ठ्यांचं तितकंसं जमलं नाही. एका तालुक्याच्या बाररूममध्ये चार महिन्यांनी गेलो तर त्यांचा गठ्ठा रबर लावलेला तसाच टेबलाच्या खणात होता.

निवडणूक अध्यक्ष जिंकले. शुद्धिपत्राचा बोभाटा वगैरे काही झाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कापताना मला सगळ्या ओळी सारख्याच दिसत होत्या, मूळ बिघाड तिथे आहे. उदाहरणाची ओळ आणि निष्कर्षाची ओळ एकाच कात्रीखाली आली. कायद्याच्या लेखात ‘केवळ’, ‘मात्र’, ‘सामान्यतः’, ‘अपवाद वगळता’ हे शब्द भरताडासारखे दिसतात आणि जागा कमी पडली की संपादकाचा हात आधी तिकडेच जातो. आता लेखक आणि मी मिळून निष्कर्षाची वाक्यं आधीच ठरवतो. त्यांना हात लावायचा झाला तर फोन करून, बदललेलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवून. ‘किरकोळ कापलंय’ असं लिहिलेली पीडीएफ पाठवणं म्हणजे संमती घेणं नव्हे. मी काय काढलं ते सांगितलं असतं तर तिने एसटीतूनही नाही म्हटलं असतं.

दोन भागांत छापायला नको म्हटलं, त्याबद्दल मला अजून खंत नाही. नियम या अंकात आणि अपवाद पुढच्या अंकात गेला असता, तर तीन महिने सगळ्या जिल्ह्याने अर्धा निष्कर्ष वापरला असता आणि त्याला चूकही म्हणता आलं नसतं.

फोन आला त्या संध्याकाळीच संदेश टाकायला हवा होता. बैठक बोलावून मी पाच दिवस घालवले. त्यात ठरलं काय, तर जे मला फोन ठेवतानाच माहीत होतं ते. दुसरा वाचक नेमण्याचा प्रयोगही केला. दोन ज्येष्ठांना लेख दिले, एकाने तीन आठवडे ठेवून घेतला आणि दुसऱ्याने न वाचता ‘उत्तम’ लिहून परत केला. सध्या आम्ही प्रत्येक विधानापुढे मूळ निकालाचा परिच्छेद क्रमांक छापतो. निकालसंग्रहांत क्रमांक बदलतात, म्हणून कोणत्या प्रतीतला तेही. वाचकांची तक्रार आहे की पान आकड्यांनी भरून जातं. असू दे.

तिचा दुसरा लेख परवा आला, धनादेश न वटण्याच्या दाव्यात हद्द कोणत्या कोर्टाची यावर. साडेबाराशे शब्द. तीन वाक्यांवर पिवळा रंग आणि समासात टीप: ‘ही कापायची असल्यास लेख परत पाठवावा.’ चौथ्या वाक्यावरही रंग हवा होता असं मला वाटलं. ते कळवायला फोन केला तर ती कोर्टात उभी होती.